होकार कुणाचा?

काशीत पंचगंगा घाटावर एखादा मराठी यात्रेकरू स्नान करून वर येतो, ओल्या पंच्याने कुडकुडत पायरीवर बसतो, आणि कुणीतरी त्याच्या हातावर पाणी, अक्षता, फूल ठेवून संकल्प सांगू लागतं. "म्हणा माझ्यामागे." तो म्हणत जातो. अविमुक्त क्षेत्र, आनंदवन, महाश्मशान, मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, शेवटी स्वतःचं गोत्र आणि नाव. या ओघात मध्येच एक आकडा येतो. अमुक रुपये ब्राह्मणभोजनाचे, तमुक रुपये गोदानाच्या बदल्यात. माणूस तेही म्हणून टाकतो, कारण कुठे थांबायचं हे त्याला ठाऊक नसतं. पाणी सुटलं की मागणी सुरू होते. "यजमान, गंगेच्या साक्षीने बोललात, आता मागे फिरू नका." ज्याला काशी ठाऊक आहे त्याने हे पाहिलेलं असतं.

आमचं घर दुर्गाघाटाच्या मागच्या गल्लीत. वडील, म्हणजे आमचे अण्णा, महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची तीर्थकृत्यं करायचे. त्यांचा क्रम उलटा असे. आधी मराठीत सगळं सांगायचं. आज काय करायचं, कशासाठी, किती वेळ लागेल, दक्षिणा किती. यजमानाची बायको शेजारी असेल तर तिच्या देखत सांगायचं. घरी जाऊन परस्परांशी बोला, वाटलं तर उद्या या, असंही सांगायचं. त्यानंतरच पळीभर पाणी. काही यजमान दुसऱ्या दिवशी यायचेच नाहीत. आई कुरकुरायची. अण्णांनी क्रम बदलला नाही.

मी भिक्षुकी केली नाही. पाठशाळेत थोडी मीमांसा शिकलो, नंतर हातात सोल्डरिंग आलं, आणि आता चौखंबाच्या बाजूला माझं मोबाइल दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. फुटलेली काच आणि मेलेली बॅटरी हे रोजचं काम. पण गेल्या काही वर्षांत एक तिसरं काम वाढलं आहे. फोन धडधाकट असतो, फक्त तो मालकाचा राहिलेला नसतो. उघडला की जाहिरात, फोन आला की जाहिरात, फोन ठेवला की जाहिरात. लोक म्हणतात, "भैया, व्हायरस आ गया." बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो. मालकाने स्वतःच्या बोटाने परवानगी देऊन आत घेतलेला पाहुणा असतो.

आमच्याच गल्लीतल्या एका काकूंचा फोन असाच आला. कार्तिक होता. पंचगंगेवर आकाशदिवे लागले होते, आणि काकूंना पहाटे ऐकायला काकडआरती हवी होती. शोधताना एक पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं की तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे दाखवण्यासाठी 'अलाऊ' दाबा. त्यांनी दाबलं. ते खरं तर त्या पानाला सूचना पाठवत राहण्याची मुभा मागणारं बटण होतं. दुसऱ्या दिवशी सूचना आली की फोनमध्ये चार व्हायरस सापडले, लगेच साफ करा. त्यांनी साफसफाईचं ॲप उतरवून घेतलं. फोनने एकदा बजावलं की हे अनोळखी ठिकाणाहून येतंय. इंग्रजीत बजावलं. मग ॲपने इतर ॲप्सच्या वर दिसण्याची परवानगी मागितली, तीही मिळाली. याच परवानगीच्या जोरावर जाहिरात अख्खा पडदा व्यापते. शेवटी आरती उघडायची तर ही लिंक दहा जणांना पाठवा, असं आलं. काकूंनी भजनी मंडळातल्या बायकांना पाठवली. आरती उघडली नाहीच.

पुण्याहून मुलाने फोनवर विचारलं, "आई, तूच परवानगी दिलीस ना? मग आता दोष कुणाला देतेस?" काकू दुकानात येऊन स्टुलावर बसल्या आणि फोनबद्दल काही न बोलता मला म्हणाल्या, "अरे, त्या बायकांच्या फोनमध्येही हेच शिरलं असेल. माझ्या हातून पाप घडलं का रे?"

ॲप काढायला फार वेळ लागला नाही. या प्रश्नाचं उत्तर मात्र मी अजून लावतो आहे, कारण तो प्रश्न काकूंना वाटला त्याहून मोठा आहे.

मुलाचा युक्तिवाद एकट्या मुलाचा नाही. हा सगळा धंदाच त्यावर उभा आहे. अमेरिकेत झँगो नावाची कंपनी होती. लोकांच्या संगणकात जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर घालायची आणि म्हणायची की ग्राहकाने मान्यता दिलेली आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने आरोप ठेवला की लोकांना नीट कळू न देता ते घुसवलं आणि काढायला जाणीवपूर्वक अवघड केलं. २००६ साली कंपनीने ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली. पुढे कॅस्परस्की या व्हायरसविरोधी कंपनीने तिचं सॉफ्टवेअर अडवलं, तर झँगोने तिच्यावरच दावा लावला. २००९ साली अपिलातही झँगो हरली. व्हायरस शोधणाऱ्या कंपन्यांनी अशा मालासाठी वेगळा वर्गच केला आहे, 'कदाचित नको असलेला प्रोग्राम' अशा अर्थाचा. इतकं जपून बोलावं लागतं, कारण समोर तो एक होकार उभा असतो. चोराने कुलूप फोडलं तर तो चोर ठरतो. दार आतून उघडलं गेलं असेल तर वाद सुरू होतो. म्हणून या मंडळींना आत शिरण्याइतकंच ते बोट दाबून घेणं महत्त्वाचं वाटतं.

तो होकार खरा होता का? मला पाठशाळेतलं एक प्रकरण इथे कामाला आलं. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय अधिकारावर आहे. एखादं कर्म कुणाचं म्हणायचं, त्याचं फळ कुणाला लागायचं? मंत्र ऋत्विज, म्हणजे यज्ञातला पुरोहित, म्हणतो, आहुती तोच टाकतो, तरी फळ यजमानाचं, कारण संकल्प त्याचा. पण यजमान कोण होऊ शकतो? परंपरेने तीन गोष्टी मागितल्या आहेत. त्याला ते फळ हवं असलं पाहिजे, ते कर्म पार पाडायचं सामर्थ्य त्याच्यात असलं पाहिजे, आणि आपण काय करतो आहोत हे त्याला कळत असलं पाहिजे. अर्थी, समर्थ, विद्वान. तिन्हींपैकी एक नसेल तर हात हलले, तोंडाने शब्द निघाले, तरी कर्म त्याच्या नावावर चढत नाही.

काकूंना काय हवं होतं? काकडआरती. इथे मीमांसेचाच विद्यार्थी आक्षेप घेईल. मुख्य कर्म हवं असेल तर त्याची अंगंही स्वीकारावी लागतात. ज्याला यज्ञ करायचा आहे त्याला समिधाही तोडाव्या लागतात. तशी फुकट आरती हवी तर जाहिरातही सोसावी. आक्षेप रास्त आहे, आणि मी सगळ्या जाहिरातींना पाप म्हणायला बसलेलो नाही. वर्तमानपत्रात जाहिराती असतात, त्यातून कागदाचे पैसे निघतात. आरतीच्या ॲपमध्ये खाली एक पट्टी दिसली तर ती त्या आरतीचं अंग आहे. पण अंगाची ओळख अशी की ते प्रधानाच्या, म्हणजे मुख्य कर्माच्या, उपयोगी पडतं आणि प्रधानाबरोबर संपतं. काकूंच्या फोनवर आरती लागलीच नाही आणि जाहिराती राहिल्या. आरतीचं पान बंद केलं तरी त्या राहिल्या, फोन बंद करून चालू केला तरी राहिल्या. त्या दुसऱ्याच कुणाच्या कर्माच्या होत्या. अर्थित्व त्या दुसऱ्याचं आणि बोट काकूंचं.

सामर्थ्याचं काय? नको म्हणता येणं हेही सामर्थ्यच. ज्या पानावर 'अलाऊ' ठळक निळ्यात आहे आणि नकार कोपऱ्यात फिकट राखाडी आहे, किंवा नकाराच्या जागी 'नंतर' एवढंच आहे, तिथे ते काढून घेतलेलं असतं. आणि वाचायचं म्हटलं तर वाचणार किती? कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अलीशिया मॅकडोनल्ड आणि लॉरी क्रेनर यांनी २००८ साली हिशेब मांडला होता. माणूस वर्षभरात ज्या संकेतस्थळांवर जातो त्या सगळ्यांची गोपनीयतेची धोरणं त्याने वाचायची ठरवली, तर वर्षाला २०० तासांहून अधिक वेळ जाईल. २००८ साली, म्हणजे आजच्यासारखे फोन घरोघरी येण्याआधी.

तिसऱ्या अटीबद्दल मला अवघडल्यासारखं होतं आणि ते लपवू नये. 'कळत असलं पाहिजे' ही अट आमच्याच शास्त्रकारांनी शूद्रांना बाहेर ठेवायला वापरली. वेद शिकायची मुभा नाही, म्हणून ज्ञान नाही, ज्ञान नाही म्हणून अधिकार नाही. दार लावायचं आणि वर विचारायचं की आत का आला नाहीत. ही अट मी उलट्या बाजूने वाचतो. कळल्याशिवाय कर्म कुणाचं होत नाही, तर कळवण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते. पैठणचे एकनाथ याच काशीत राहून भागवताचा एकादश स्कंध मराठीत आणत होते, आणि १५७३ साली ते काम त्यांनी इथेच पुरं केलं. काशीतल्या पंडितांनी प्राकृत भाषेला विरोध केल्याची कथा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्याच पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातले नारायणभट्ट त्या काळी इथे संस्कृतात ग्रंथ लिहीत होते. त्यांचा 'त्रिस्थलीसेतु' काशी, प्रयाग, गया या तीन क्षेत्रांच्या विधींवर अजून प्रमाण मानतात. दोघेही मोठे. पण आज बटणावर काय लिहिलं आहे ते काकूंना कळावं, असं म्हणताना माझ्या पाठीशी एकनाथ उभे असतात.

कायदाही आता तिकडे सरकतो आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये झालेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती मोकळी, नेमकी, माहिती घेऊन दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, आणि संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय असावी. त्या बावीस भाषांत मराठी आहे. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावांनिशी निषिद्ध केले. लपवलेली जाहिरात त्यात आहे, जबरदस्तीने करायला लावलेली कृती आहे, आणि व्हायरस असल्याची खोटी भीती घालून माल गळ्यात मारणंही आहे. काकूंच्या फोनवरचे 'चार व्हायरस' त्या यादीत चपखल बसतात.

हे काही एकविसाव्या शतकाचं शहाणपण नाही. १८७२ चा करार कायदा सांगतो की दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्यवहाराचा भाग आहे. तिथे नशेतला, भ्रमिष्ट, पीडित, परतंत्र, लहान मूल, अतिवृद्ध यांनी केलेला व्यवहार टिकत नाही असं आहे, आणि गहाण, विक्री, दान, स्वीकार यांत जिथे कपट दिसेल तिथे राजाने तो व्यवहार परत फिरवावा असंही आहे. घाटावर ओघात म्हणवून घेतलेला आकडा याच खात्यातला. अण्णांकडे रडत आलेल्या एका यजमानाला त्यांनी हेच सांगितलं होतं की ते दान झालेलंच नाही, तुम्ही गंगेचं काही देणं लागत नाही.

इथवर आल्यावर काकूंना 'तुमचा काही दोष नाही' म्हणून मोकळं करणं सोपं होतं. मी तसं केलं नाही, कारण तसं मला वाटत नाही.

काशीपासून थोड्याच अंतरावर सारनाथ आहे. बुद्धाने कर्म चेतनेत पाहिलं. हेतू हेच कर्म. त्या मापाने काकू निर्दोष. पण त्याच परंपरेतल्या मिलिंदप्रश्नात राजा मिलिंद नागसेनाला विचारतो की जाणून पाप करणाऱ्याचं अपुण्य मोठं की न जाणता करणाऱ्याचं. नागसेन म्हणतो, न जाणता करणाऱ्याचं. तापलेला लोखंडाचा गोळा आहे हे ठाऊक नसलेला माणूस तो घट्ट धरतो आणि जास्त भाजतो. शिकताना मला हे अन्यायाचं वाटायचं. आता दुकानात बसून त्याचा अर्थ लागतो. नागसेन शिक्षेबद्दल बोलत नाही असं मी धरतो, तो चटक्याबद्दल बोलतो. चटका होकार खरा होता की खोटा हे विचारत नाही. काकूंच्या अजाणतेपणामुळे भजनी मंडळातल्या बायकांचा त्रास रतीभरही कमी झाला नाही.

आणि सारनाथ जितकं काशीचं, तितकंच भेलूपुरही. पार्श्वनाथांचा जन्म तिथला मानतात. भेलूपुरचे एक जैन गृहस्थ माझे जुने गिऱ्हाईक आहेत. त्यांच्यापुढे मी चेतनेची गोष्ट मांडली तर त्यांनी मान हलवली. सूत्रकृतांगात बौद्धांच्या या मताची कडक झाडाझडती आहे, म्हणाले. त्यांचा भर वेगळ्या गोष्टीवर होता. कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावलेलं. पतंजलीच्या योगसूत्रांतही हे तीन प्रकार येतात. "पहिल्या दिवशी त्यांना कळलं नव्हतं, मान्य. आज तुम्ही सांगितल्यावर कळलं. आजपासून त्या ॲपला घरात राहू दिलं तर ते अनुमोदन," एवढं बोलून ते गेले.

मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे. बोट टेकलं त्या क्षणी जबाबदारी शोधण्यात फारसं हाती लागत नाही. तो क्षण दुसऱ्याने रचलेला असतो. जबाबदारी कळण्याच्या क्षणी सुरू होते आणि त्यानंतर ती खरीखुरी, पूर्ण, स्वतःची असते. आमच्या प्रायश्चित्तग्रंथांतही अजाणता घडलेल्याला थोडं आणि जाणून केलेल्याला जास्त असा भेद आहे. पण अजाणता घडलेल्यालाही थोडं आहेच, शून्य नाही. काकूंना मी म्हटलं, "पाप नाही झालं, पण काम उरलं आहे. ज्यांना ज्यांना लिंक पाठवलीत त्यांना फोन करा." त्यांनी दुकानातूनच एकेकीला फोन लावले. लाज वाटत होती, आवाज बारीक होत होता, तरी शेवटच्या नावापर्यंत गेल्या. आणि पुण्याच्या मुलालाही फोन लावून त्यांनी सांगितलं की तू फोन घेऊन दिलास तेव्हा तो कसा वापरायचा ते सांगितलं नव्हतंस. मला ते बरोबर वाटलं. ज्याला जास्त कळतं त्याचा वाटा मोठा.

यात माझ्यासारखे दुकानदारही आले. नवा फोन विकताना किंवा दुरुस्त करून देताना अमुक ॲप भरून दे, दर फोनमागे इतके रुपये घे, असं सांगायला माणसं फिरत असतात. माझ्याकडेही आली. ऋत्विजाला दक्षिणा मिळते ती यजमानाकडून. त्याच कुंडात दुसऱ्याकडून पैसे घेऊन तिसऱ्याच कुणाच्या नावाने आहुती टाकणाऱ्याला ऋत्विज म्हणता येणार नाही. बडी नावंही यातून सुटलेली नाहीत. लेनोवोने २०१४ च्या सुमारास आपल्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीच भरून विकलं. ते ग्राहक आणि संकेतस्थळ यांच्यामधल्या सुरक्षित संवादात शिरून जाहिराती घालत असे आणि त्यामुळे ती सुरक्षाच पोकळ झाली होती. २०१७ साली कंपनीने त्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड केली. तिथे आधी होकारसुद्धा नीट मागितला गेला नव्हता.

फुकट या गोष्टीबद्दल काशीतल्या भिक्षुकाला शिकवावं लागत नाही. दान घेणं म्हणजे ओझं घेणं, हे आमच्या हाडात आहे. प्रतिग्रहाचा अधिकार असला तरी त्याची चटक लागू देऊ नये, त्याने तेज मावळतं, असं मनुस्मृतीही सांगते. अण्णा काही दानं घ्यायचे नाहीत, घेतलं तर त्यासाठी जप करायचे. फुकट आरती, फुकट पंचांग, फुकट क्रिकेट घेणाऱ्याने इतकंच विचारावं, की देणारा कोण आहे आणि तो माझ्याकडून काय नेतो आहे. संकल्पात देणाऱ्याचं नाव, गोत्र, वस्तू, हेतू, जागा, वेळ सगळं उच्चारलं जातं ते याचसाठी. ज्या ॲपच्या बनवणाऱ्याचं नाव-गाव सापडत नाही त्याचं दान मी घेत नाही आणि गिऱ्हाइकालाही घेऊ नका म्हणतो.

एक मुलगा मात्र माझ्याशी वाद घालतो. वीस-बावीसचा, हुशार. फुकट सामने दाखवणारं एक ॲप त्याच्या फोनवर आहे. ते जाहिराती फेकतं, संपर्कयादी वाचतं, हे मी त्याला उघडून दाखवलं. तो म्हणाला, "अंकल, मला सगळं माहीत आहे. मला हवं आहे, मी समर्थ आहे, मला कळतंही आहे. तुमच्या तिन्ही अटी पुऱ्या. आता काय?"

त्याच्या स्वतःपुरतं त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही, आणि खोडायचंही नाही. त्याचा होकार पुरा आहे. पण धर्मशास्त्रात दानाच्या प्रकरणात आणखी एक प्रश्न असतो आणि तो देणाऱ्याच्या मनाबद्दल नसतो. नारदस्मृतीत देता न येणाऱ्या गोष्टींची यादी आहे. कितीही इच्छा असो, कितीही समजून उमजून असो, त्या देताच येत नाहीत. त्यात दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव आहे, उसनी मागून आणलेली वस्तू आहे, आणि अनेकांच्या सामाईक मालकीचं धन आहे. कारण देणारा त्यांचा एकटा मालक नसतो. काशीतल्या नीलकंठभट्टांनी 'व्यवहारमयूखा'त दानाच्या प्रकरणी हाच विचार चालवला आहे, आणि तो ग्रंथ पुढे मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी प्रमाण मानला.

मी त्याच्या फोनची संपर्कयादी उघडली. त्याच्या आईचा नंबर, बहिणीचा, शाळेतल्या बाईंचा, गावच्या डॉक्टरांचा. हे नंबर त्या माणसांनी त्याच्यापाशी ठेवले होते, त्याने फोन करावा म्हणून. तो फोनही संध्याकाळी आईच्या हातात असतो, धाकटी बहीण त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ पाहते, आणि रात्री कसल्या जाहिराती त्यावर उघडतात हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. "तुझं ते तू दे," मी म्हटलं. "यातलं तुझं काय काय आहे ते मला दाखव."

त्याने ॲप काढलं नाही. संपर्कयादीची परवानगी मात्र माझ्यासमोर काढून घेतली, आणि बहिणीला जुना फोन दुरुस्त करून देता येईल का, किती पडतील, असं विचारलं. मी स्क्रीनचे तेवढे सांगितले.